लुटफिस्क की लुटेफिस्क? मिनेसोटातल्या स्वीडिश गावजेवणांची पार्श्वभूमी

ऑक्टोबरपासून नाताळापर्यंत अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या लहान गावांत, चर्चच्या तळघरात नाहीतर गावच्या सभागृहात, स्वीडिश जेवणाच्या पंगती बसतात. तिकीट काढायचे, आपल्या पंगतीची हाक येईपर्यंत वर बाकांवर थांबायचे आणि मग खाली लांब टेबलांवर भांडी हातोहात फिरवायची. लुटफिस्क (क्षारात भिजवून मऊ केलेला सुका मासा), उकडलेले बटाटे, मीटबॉल, बटाट्याचे सॉसेज, लिंगन या आंबट लाल बेरीचा मुरंबा, तांदळाची खीर हे पदार्थ सहसा ठरलेले.

ही प्रथा पहिल्या वसाहतकऱ्यांनी जशीच्या तशी आणली, असे अनेकदा छापले जाते. ते अर्धेच खरे आहे. १८५० मध्ये स्कँडिया गावाजवळ ‘हे लेक’ नावाच्या तळ्याकाठी राज्यातली पहिली स्वीडिश वस्ती झाली, आणि स्वीडनमधल्या १८६७–६९ च्या दुष्काळानंतर लोंढा वाढला. त्या घरांतला लुटफिस्क नाताळच्या आदल्या संध्याकाळचा, घरच्यांपुरता. तिकीट लावून गावाला जेवू घालणे हे अमेरिकेतले. चर्चच्या खर्चासाठी महिला मंडळांनी ते चालवले. पहिल्या महायुद्धात परक्या भाषा संशयाच्या ठरल्या, पुढच्या दशकात प्रवचने इंग्रजीत होऊ लागली आणि १९२४ च्या स्थलांतरविषयक कायद्याने नव्या माणसांचा ओघ आटला. त्यानंतर स्वीडिशपण दाखवण्याचा सर्वांत सोपा मार्ग जेवण हाच राहिला.

खरा घोळ नावाचा आहे. ‘लुट’ म्हणजे तीव्र क्षार, ‘फिस्क’ म्हणजे मासा. स्वीडिशमध्ये लुटफिस्क, नॉर्वेजियनमध्ये लुटेफिस्क. मिनेसोटात नॉर्वेजियन वंशाचे लोक मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे इंग्रजीत ‘लुटेफिस्क’ रूढ झाले. स्वीडिश गावांच्या फलकावर तो मधला ‘ए’ आला की जुनी मंडळी हरकत घेतात, आणि ती रास्तच आहे. सुका मासा दोघांचाही बहुतेक नॉर्वेहूनच येतो, प्रक्रियाही एकच. फरक उरतो तो नावात आणि सॉसमध्ये. नॉर्वेजियन पद्धतीत वर वितळलेले लोणी. स्वीडिश पद्धतीत लोणी, मैदा आणि दुधाचा पांढरा सॉस, वर भरडलेला ऑलस्पाइस (मिरीसारख्या दाण्यांचा मसाला). बहुतेक ठिकाणी आता दोन्ही ठेवतात. पाहुण्यांची सोय म्हणून ते ठीक, पण जेवणाला ‘स्वीडिश’ म्हणायचे तर पांढरा सॉस आधी फिरवावा.

अक्षरांचा असाच वाद स्कँडियाशेजारच्या लिंडस्ट्रॉम (Lindström) गावात झाला. रस्त्यावरच्या नव्या पाट्यांवरून ‘ओ’वरचे दोन ठिपके गेले, कारण दिले गेले ते पाट्यांवर फक्त प्रमाण इंग्रजी अक्षरे चालतात या नियमाचे. एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नरांच्या आदेशाने ठिपके परत आले. अनेकांना ते सजावटीचे चिन्ह वाटते. स्वीडिश वर्णमालेत मात्र ठिपक्यांचा ‘ओ’ (ö) हे स्वतंत्र अक्षर आहे, त्यामुळे पाटीवर नाव चुकीचेच लिहिले गेले होते.

स्वयंपाकाचे तंत्रही बदलले. पूर्वी फळीसारखा कडक मासा घरीच पाच-सहा दिवस थंड पाण्यात भिजवत, मग दोनेक दिवस क्षारात, पुन्हा कित्येक दिवस रोज पाणी बदलून. शेवटचे धुणे कमी पडले की मासा साबणासारखा लागतो. आता तो कारखान्यातून तयार येतो. शिजताना पाणी सुटून तो बराच आटतो, म्हणून माणशी सुमारे अर्धा किलो कच्चा मासा धरतात. मोठ्या स्वयंपाकघरांत तो पातळ कापडाच्या पिशव्यांतून खारट उकळत्या पाण्यात सोडतात आणि पंगतीगणिक थोडा थोडा शिजवतात. काही मिनिटे जास्त झाली किंवा गरम ठेवून दिला की त्याची जेली होते. ॲल्युमिनियमचे भांडे काळवंडते, चांदीचे चमचेही, म्हणून स्टील.

बटाट्याच्या सॉसेजमध्ये डुक्कर-गायीचे मांस आणि कच्चा बटाटा, कांदा, मीठ, ऑलस्पाइस. कच्चा बटाटा लगेच काळा पडतो, म्हणून किसल्याबरोबर मांसात मिसळतात आणि भरलेली सॉसेज थंड मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. सॉसेजचे आतड्याचे आवरण गच्च भरले किंवा पाणी खळखळ उकळले की ते फुटते. सैल भरून, टोचून, मंद आचेवर शिजवायचे.

अलीकडे मीटबॉलची मागणी इतकी वाढली आहे की माशाला नको म्हणणाऱ्यांसाठीही तिकीट विकले जाते. शेवटी येते ती अंड्याची कॉफी: कॉफीच्या पुडीत अंडे कवचासकट कालवून उकळत्या पाण्यात टाकायचे, मग वरून कपभर थंड पाणी ओतायचे. अंडे गाळ धरून तळाशी बसते आणि वर स्वच्छ, कमी कडू कॉफी राहते. स्वीडनमध्ये ती रूढ नाही. ती मध्य-पश्चिम अमेरिकेतल्या चर्चच्या तळघरांची आहे आणि फलकावर तिला तसेच लिहायला हवे.