खर्च किती झाला आणि काम किती झालं

रिफायनरी, खत कारखाना, वीजनिर्मिती केंद्र, कुठल्याही मोठ्या प्रकल्पाच्या मासिक अहवालात दोन टक्केवाऱ्या शेजारीशेजारी छापलेल्या असतात: आर्थिक प्रगती आणि भौतिक प्रगती. बहुतेकांची नजर पहिलीवर जाते, कारण ती रुपयांवरून काढलेली असते आणि लेखा विभागाने तपासलेली असते. पण निम्मे पैसे गेले म्हणजे निम्मं काम झालं असं धरून चालणं फार महागात पडतं, आणि ही गफलत मला चीड आणते, कारण ती टाळता येण्यासारखी आहे.

आर्थिक प्रगती म्हणजे खर्च झालेली रक्कम भागिले मंजूर रक्कम. आता पैसा काही कामाच्या पावलावर पाऊल टाकून चालत नाही. मोबिलायझेशन अ‍ॅडव्हान्स (ठेकेदाराला जमवाजमवीसाठी दिलेली आगाऊ रक्कम) जमिनीत कुदळ पडण्याआधीच जातो. कंप्रेसर किंवा रिअ‍ॅक्टरसारख्या यंत्राचा पहिला हप्ता ऑर्डरबरोबर द्यावा लागतो. साइटवर नुसत्या आणून टाकलेल्या पाइपवर आणि प्लेटवरही, तो माल तारण धरून, सिक्युअर्ड अ‍ॅडव्हान्स मिळतो. उलटही घडतं: काम झालं, मोजमाप पुस्तकात नोंदलं गेलं, पण आरए बिल (चालू कामाचं हप्त्याचं बिल) सहीसाठी अडकून पडलं, की कागदावर काम मागे दिसतं.

शिवाय भागाकारातली खालची रक्कम बदलते ती वेगळीच. राजस्थानात पचपदराला हिंदुस्तान पेट्रोलियम आणि राजस्थान सरकार यांच्या भागीदारीत वर्षाला ९० लाख टन क्षमतेची रिफायनरी हाती घेतली गेली, तेव्हा अंदाज ४३,१२९ कोटींचा होता. पुढे तो ७२,९३७ कोटींवर गेला. समजा, अशा प्रकल्पात ३६,००० कोटी खर्च झाले आहेत. जुन्या अंदाजावर ती ८३ टक्के आर्थिक प्रगती, नव्यावर ४९. साइटवर मात्र एक बोल्टसुद्धा हललेला नाही.

भौतिक प्रगती मोजायची म्हणजे साइटवर उतरावं लागतं. पाइपिंगचंच घ्या. इथलं माप इंच-डाया: सहा इंची पाइपचा एक वेल्डिंग जोड म्हणजे सहा इंच-डाया, बारा इंचीचा बारा. पण जोड वेल्ड झाला म्हणजे लाइन झाली असं नाही. रेडिओग्राफी (जोडाची एक्स-रेसारखी तपासणी), सपोर्ट, हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाखालची चाचणी), पंच लिस्टमधल्या, म्हणजे पाहणीत नोंदलेल्या, त्रुटी काढणं, हे सगळं पुढे असतं. म्हणून कोणत्या टप्प्याला किती गुण द्यायचे हे काम सुरू होण्याआधी ठरवून घ्यावं लागतं. उदाहरणार्थ, वेल्डिंगपर्यंत ६०, सपोर्टला १५, हायड्रोटेस्टला १५, पंच निघाल्यावर उरलेले १०. हे नीट ठरलं नाही तर ठेकेदार पाइप रॅकवरचे मोठे, हाताला सहज येणारे जोड आधी उरकतो. इंच-डायाचा आकडा ८५ टक्क्यांवर जातो आणि छोट्या व्यासाच्या फांद्या राहिल्यामुळे टेस्टला द्यायला एकही लूप (एकत्र तपासायचा पाइपांचा संच) पूर्ण नसतो. भौतिक प्रगतीसुद्धा अशी फसवू शकते, म्हणून ती कोणी आणि कशी मोजली हे विचारलंच पाहिजे.

दोन्ही आकडे एकाच भाषेत आणण्याची रीत म्हणजे अर्न्ड व्हॅल्यू: झालेल्या कामाची बजेटमधली किंमत. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६७ मध्ये आपल्या ठेकेदारांसाठी या पद्धतीचे निकष घालून दिले. हिशेब अगदी सोपा आहे. काम १०० कोटींचं, मुदत बारा महिने. सहाव्या महिन्याअखेर ५० कोटींचं काम व्हायचं होतं, ५० कोटीच खर्च झाले. मुख्यालयाला वाटतं, सगळं आलबेल. मोजणी केली तर काम ४० कोटींचंच. म्हणजे प्रत्येक रुपयामागे ८० पैशांचं काम पदरात पडतंय. हाच वेग राहिला तर शेवटचा आकडा १०० नव्हे, १२५ कोटी. ही गोष्ट सहाव्या महिन्यात कळली तर माणसं वाढवता येतात, रचना बदलता येते, पैशांची तजवीज करता येते. अकराव्यात कळली तर फक्त मुदतवाढीचा अर्ज करता येतो.

अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनातल्या व्ही. सी. समर अणुप्रकल्पाचं जे झालं ते याच फरकामुळे फार बोचतं. तिथे वेस्टिंगहाऊस कंपनीच्या एपी-१००० बनावटीच्या दोन अणुभट्ट्या उभ्या राहायच्या होत्या. काम चालू असतानाच वीजग्राहकांकडून पैसे वसूल करायची कायद्याने मुभा होती आणि त्यासाठी नऊ वेळा दर वाढले. दिलेल्या तारखा पाळता येणार नाहीत, असा बेक्टेल या अभियांत्रिकी कंपनीचा अहवाल २०१६ च्या सुरुवातीला मालक कंपन्यांच्या हाती आला होता. तो लोकांसमोर आला सप्टेंबर २०१७ मध्ये. तोवर वेस्टिंगहाऊस दिवाळखोरीत गेली होती आणि सुमारे ९ अब्ज डॉलर ओतून ३१ जुलै २०१७ ला काम सोडून दिलं गेलं होतं. स्काना या मालक कंपनीचे माजी प्रमुख केविन मार्श यांना २०२१ मध्ये फसवणुकीबद्दल दोन वर्षांचा तुरुंगवास झाला. पैसा जात राहिला हे सगळ्यांना ठाऊक होतं. काम किती झालं हे बिलं भरणाऱ्यांना कोणी खरं सांगितलं नाही.

अर्न्ड व्हॅल्यूलाही एक मर्यादा आहे, ती वेळापत्रकाच्या बाजूने. झालेलं काम भागिले ठरलेलं काम हा भागाकार प्रकल्प संपताना आपोआप एकवर येतो, मग तो दोन वर्षं उशिरा का संपेना. त्यामुळे शेवटच्या टप्प्यात, कमिशनिंग (प्रकल्प प्रत्यक्ष चालू करणं) तोंडावर आल्यावर, टक्केवारी बाजूला ठेवून क्रिटिकल पाथ, म्हणजे ज्यांच्यावर शेवटची तारीख अडते ती कामांची साखळी, पाहावा: कोणती सिस्टीम टेस्टला तयार आहे, कोणत्या व्हॉल्व्हची वाट पाहणं चाललंय, कोणत्या इन्स्ट्रुमेंट लूपचं (मापकापासून कंट्रोल रूमपर्यंतच्या जोडणीचं) चेकिंग राहिलंय. ९५ टक्के भौतिक प्रगतीच्या प्रकल्पातही कूलिंग वॉटरची लाइन अपुरी असेल तर कंप्रेसर चालू करता येत नाही.