अतिनील दिवा आणि पंखा : खोलीतील हवा निर्जंतुक करण्याविषयी माहितीपत्रक

यूव्ही म्हणजे अतिनील दिव्याची चौकशी करणारे बहुतेक ग्राहक तो किती वॅटचा आहे, एवढेच विचारतात. आम्ही आधी खोलीची उंची, पंख्याची जागा आणि खिडक्या उघडतात का, हे विचारतो, कारण दिव्यापर्यंत हवा पोहोचली नाही तर दिवा कितीही चांगला असला तरी उपयोग होत नाही.

क्षयाचे जंतू, गोवराचे किंवा कोरोनाचे विषाणू खोकण्याबोलण्यातून अतिसूक्ष्म कणांबरोबर बाहेर पडतात आणि बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडतो. त्यामुळे दवाखान्याच्या प्रतीक्षा कक्षात एसी लावून खिडक्या बंद केल्या की तीच हवा सर्वांच्या वाट्याला येते. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीत 1200 घनफूट हवा असते. ती तासाला सहा वेळा बदलायची तर मिनिटाला 120 घनफूट हवा बाहेर टाकणारा एक्झॉस्ट पंखा हवा, शिवाय समोरच्या बाजूने हवा आत यायला वाट हवी. ती नसेल तर पंखा नुसता घरघरतो. एवढे करूनही रुग्ण निघून गेल्यावर 99 टक्के कण बाहेर जायला सुमारे 46 मिनिटे लागतात.

दिव्याची गरज इथे लागते. पाऱ्याच्या वाफेच्या नळीतून मुख्यतः 254 नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण निघतात आणि ते जंतूंच्या जनुकीय द्रव्याची मोडतोड करत असल्याने जंतूंची वाढ थांबते. दिवा भिंतीवर किमान सात फुटांवर बसवतात आणि त्याच्या आडव्या पट्ट्यांमुळे किरण छताखालच्या भागातच राहतात. खालची हवा वर नेण्याचे काम पंख्याचे. पेरूमधील लिमा शहरातल्या एका रुग्णालयात क्षयरोग्यांच्या वॉर्डातील हवा गिनीपिगना देऊन झालेला अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. त्यात दिवे बंद असताना 35 टक्के प्राण्यांना संसर्ग झाला, तर दिवे आणि हवा घुसळणारे पंखे चालू असताना 9.5 टक्क्यांना. मात्र हे संरक्षण त्या खोलीपुरतेच असते : बाहेर, गाडीत किंवा जिन्यात झालेली लागण दिवा रोखू शकत नाही.

आपल्याकडच्या खोल्यांत एक अडचण हमखास येते. दहा फुटी छताला दांडीने लटकवलेल्या पंख्याची पाती नेमकी किरणांच्या पट्ट्यात येतात, आणि त्यांवरून किरण खाली परावर्तित होऊ शकतात. अशा वेळी आम्ही भिंतीवरचा पंखा सुचवतो. बसवून झाल्यावर डोळ्यांच्या उंचीवर मीटरने मोजणी करतो; आठ तास बसण्याच्या जागी दर चौरस सेंटिमीटरला 0.2 मायक्रोवॅटपेक्षा जास्त किरण पोहोचू नयेत. मोजणीशिवाय दिवा बसवून देणाऱ्याकडून तो घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे, मग तो कितीही स्वस्त असो. उघडी नळी किंवा हातात धरून फिरवायच्या कांड्या आम्ही विकत नाही. हे किरण डोळ्यांवर पडले तर जळजळ लगेच जाणवत नाही; काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते. म्हणून रंगारी, वायरमन किंवा झाडू मारणारी व्यक्ती शिडीवर चढण्यापूर्वी खटका बंद करावा.

दिवा धूळ, वास किंवा कार्बन डायऑक्साइड काढत नाही. त्यामुळे खिडकी उघडणे चालूच ठेवावे. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, हवेतील आर्द्रता 60-70 टक्क्यांच्या वर गेली की किरणांचा प्रभाव कमी होतो; त्या महिन्यांत एक्झॉस्ट बंद करू नये.

नळी निळी दिसते म्हणजे ती काम करते असे नाही. सुमारे 9000 तासांनंतर, म्हणजे अखंड चालवल्यास वर्षभरात, निळा प्रकाश तसाच राहतो पण किरणे बरीच कमी झालेली असतात. मधल्या काळात दिवा बंद करून, नळी थंड झाल्यावर स्पिरिटने भिजवलेल्या फडक्याने ती पुसावी, कारण धुळीचा पातळ थरही किरणे अडवतो. जुन्या नळीत पारा असतो, त्यामुळे ती कचऱ्यात न टाकता नवी नळी बसवताना आमच्या कर्मचाऱ्याकडे द्यावी.