शिमग्यातली भांग: घोळ दुसऱ्या पेल्यात होतो

होळी पेटली, पालखी घरोघरी फिरायला लागली की कोकणात काही घरांच्या मागच्या पडवीत भांगेचं पातेलं निघतं. कायद्याचं आधी सांगून टाकू. 1985च्या अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायद्यात गांजा म्हणजे शेंडा-फुलोरा. नुसतं पान त्या व्याख्येत येत नाही. म्हणून ‘भांगेला मोकळीक आहे’ असं बरेच जण ठासून सांगतात. महाराष्ट्रात मात्र 1949चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे आणि परवान्याशिवाय ती बाळगणं हा गुन्हा आहे. त्यामुळे इथे कृती दिलेली नाही. भांग पोटात गेल्यावर काय होतं, आणि दरवर्षी कुणीतरी सरकारी दवाखान्यात का पोचतं, ते मात्र घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावं.

नशा आणणारं मुख्य द्रव्य टीएचसी. राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी ते 1964 साली शुद्ध रूपात वेगळं केलं. हिरव्या पानात ते बहुतांशी आम्लरूपात असतं आणि त्या रूपात फारसं चढत नाही. उष्णता लागली की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि खरं टीएचसी उरतं. 110 ते 120 अंशांवर हा बदल अर्ध्या ते एक तासात जवळजवळ पुरा होतो. उकळतं दूध मात्र शंभराच्या आसपासच राहतं, म्हणून तिथे तो अर्धवट होतो. भांगेच्या भज्यांचंही तसंच: तेल 170-180 अंशांवर असलं तरी पिठात पाणी आहे तोवर आतला गर शंभराच्या वर फारसा जात नाही. मंद आचेवर किती वेळ ठेवलं, दुसऱ्यांदा गरम केलं का, यावर त्याच पानाची ताकद बदलते.

दुसरी गोष्ट म्हणजे टीएचसी पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतं. आपल्याकडे दुधाच्या जोडीला नारळाचा रसही पडतो, आणि दाट रसात चरबी भरपूर. पातेलं तासभर तसंच ठेवलं की साय आणि रसाचा दाट थर वर येतो, वाटलेल्या पानाचा चोथा तळाशी बसतो, मधे पातळ पाणी राहतं. वरचा पेला, मधला पेला आणि तळ खरवडून भरलेला पेला हे तीन वेगळे डोस असतात. ‘त्याने दोन प्यायले, त्याला काही झालं नाही’ हा दाखला म्हणूनच कुचकामी.

हिशेब मांडून पाहू. समजा दहा जणांसाठी 5 ग्रॅम सुकं पान घेतलं. पानात टीएचसी 1 टक्का असेल तर एकूण 50 मिलिग्रॅम, म्हणजे माणशी 5. तेच 3 टक्के निघालं, किंवा पानात फुलोरा मिसळलेला असला, तर माणशी 15 किंवा त्याहूनही जास्त. सवय नसलेल्या माणसाला 5 मिलिग्रॅमही जाणवतात. 15 मध्ये तो घाबरून जाऊ शकतो. आणि डोळ्यांना दोन्ही पानं सारखीच हिरवी दिसतात.

आता वेळेचं. धुरातून घेतलं तर अंमल काही मिनिटांत कळतो. पोटातून गेलेलं टीएचसी आतड्यातून आधी यकृतात जातं. तिथे त्याचा काही भाग 11-हायड्रॉक्सी-टीएचसीमध्ये बदलतो, आणि हे द्रव्य मेंदूत सहज शिरतं. अंमल सुरू व्हायला अर्धा ते दोन तास, शिगेला पोचायला दोन ते चार तास, उतरायला सहा-आठ तास. कधी दुसऱ्या सकाळपर्यंत डोकं जड राहतं. पुरणपोळी आणि कटाची आमटी चापून झाल्यावर घेतली तर आणखी उशीर. पाऊण तास गेला, काहीच होत नाही, ‘पाण्यासारखी आहे रे’ म्हणत दुसरा पेला जातो. मग दोन्ही एकदम चढतात, नेमके पालखी खांद्यावर असताना. भांगेच्या बहुतेक दुर्घटनांचं मूळ या पाऊण तासात आहे. वर दारू घेतली तर रक्तातलं टीएचसी आणखी वाढतं.

जास्त झाली की तोंड कोरडं, डोळे लाल, छातीत धडधड, उभं राहताच चक्कर, उलटी, आणि ‘मी आता मरतो’ अशी भीती. धडधाकट मोठ्या माणसाला निव्वळ भांगेने सहसा श्वास बंद पडण्याइतकं होत नाही. त्याला शांत, हवेशीर खोलीत बसवावं, घोट घोट पाणी द्यावं, एकटं सोडू नये. विहीर, होडी, दुचाकी आणि घाटरस्ता दुसऱ्या दिवसापर्यंत बंद. लिंबू, चिंच, आगळ, दही हे उतारे सर्रास पाजतात. त्यांनी अंमल उतरतो याला पुरावा नाही, आणि गुंगीतल्या माणसाच्या घशात ते ओतलं तर फुफ्फुसात जाण्याची भीती. उलटी मुद्दाम काढू नये. झोपाळला असेल तर कुशीवर वळवून ठेवावं. छातीत दुखणं, फिट, हाक मारून न उठणं, यांपैकी काहीही दिसलं तर 108.

डोळ्यांच्या बाहुल्या खूप मोठ्या, अंग कोरडं आणि तापलेलं, लघवी अडलेली, हवेत काहीतरी पकडल्यासारखे हातवारे असं असेल तर धोतऱ्याची शंका घ्यावी. भांग ‘कडक’ करायला धोतऱ्याचं बी घालणारे आजही भेटतात. त्यातलं अ‍ॅट्रोपिन जीव घेऊ शकतं. तिथे घरी वाट पाहायची नाही.

मुलांचा नियम वेगळा. 12 किलोच्या पोराने 60 किलोच्या माणसाचा पेला संपवला तर वजनाच्या मानाने डोस पाचपट. लहान मुलांत गाढ गुंगी येते, श्वासही मंदावू शकतो, आणि हे काही तासांनी सुरू होतं. म्हणून मूल खेळत असलं तरी, प्यायलंय एवढं कळताच दवाखाना गाठायचा. पातेलं बदाम घातलेल्या थंडाईशेजारी कधीच ठेवू नये. दिसायला दोन्ही सारखी.

हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी हा नाद करूच नये. रक्त पातळ ठेवायला वॉरफेरिन घेणाऱ्यांनीही नाही: यकृतातलं एकच विकर (एन्झाइम) टीएचसी आणि वॉरफेरिन दोन्हींचं विघटन करतं, त्यामुळे औषधाचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. दवाखान्यात नेताना उरलेली भांग बाटलीत भरून बरोबर घ्यावी, आणि किती वाजता, किती पेले, वर दारू होती का, हे डॉक्टरांना लपवाछपवी न करता सांगावं. भांगेवर उतारा-औषध नाही. उपचार लक्षणांवर चालतात, आणि धोतरा की भांग हे जितकं लवकर कळेल तितका वेळ वाचतो.