झोळी जुनीच आहे: नाशिकमधल्या गाण्या-बजावण्याच्या मदतकार्यांची पार्श्वभूमी

गणपती जवळ आले की नाशिकमध्ये हा वाद निघतोच. कुठलंतरी ढोल पथक किंवा भजनी मंडळ पोस्टर टाकतं, की यंदाच्या सुपारीचे (वाजवण्याच्या मानधनाचे) पैसे पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरच्या पोरांच्या वह्यांसाठी, आणि खाली लगेच कोणीतरी विचारतं की समाजसेवा आहे तर मग पैसे घेता कशाला. बरं, विचारणारा वाईट नसतो, त्याला फक्त हे नवीन फॅड वाटतं. पण आपल्याकडे गाणं आणि मागणं कधी वेगळं नव्हतंच, हे जरा मागे जाऊन बघितलं की कळतं.

पहाटे चिपळ्या वाजवत येणारा वासुदेव आठवा. सुपात धान्य पडलं की तो "दान पावलं, दान पावलं" म्हणत एकेका देवाचं नाव घेऊन ते दान पोचवायचा, म्हणजे एक प्रकारे पावतीच, आणि तीही अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी. वणीच्या गडाकडे गोंधळी आणि जोगवा, संबळ तुणतुण्यासोबत परडी, म्हणजे मागायची टोपली, आलीच. मालेगावजवळ चंदनपुरीला खंडोबाच्या यात्रेत वाघ्या-मुरळी बघितलेत ना, दिमडी (छोटा डफ) आणि घाटीच्या (घंटीच्या) जोडीला कोटंबा असतो, चौकोनी लाकडी भांडं, ते मागायचं भांडं पण त्याची भंडारा लावून पूजा करतात. मला हे फार भारी वाटतं, मागण्याची लाज नाही उलट भांडंच देवाऱ्यात. कळवण सुरगाण्याकडे मार्गशीर्षात डोंगऱ्या देव या आदिवासी उत्सवातल्या माऊल्या, म्हणजे व्रत धरलेले लोक, पावरी या फुंकून वाजवायच्या वाद्यावर नाचत गावोगाव फिरतात, त्यांनाही घराघरातून धान्य मिळतं.

अर्थात हे सगळं दान गाणाऱ्याच्या पोटासाठी किंवा देवाच्या उत्सवासाठी होतं. गाणारा एक आणि पैसा तिसऱ्याच माणसासाठी, ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर लोकांसमोर आणली ती माझ्या मते गाडगेबाबांनी. जन्म 1876 चा, अमरावतीकडच्या शेंडगावचा, 1905 मध्ये घर सोडलं. अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटकी बांगडी, हातात झाडू. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री त्याच गावात कीर्तन, "गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला", मध्येच लोकांना प्रश्न टाकायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घ्यायचे. त्या कीर्तनांमधून आणि लोकांच्या देणग्यांमधून पंढरपूर, देहू, आळंदी आणि आपल्या नाशिकलाही धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतः मात्र पैशाला हात लावला नाही, पाया पडू दिलं नाही, मातीच्या गाडग्यात भाकरी खाल्ली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर 1949 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. शेवटचं कीर्तन 8 नोव्हेंबर 1956 ला वांद्र्याच्या पोलीस स्टेशनात झालं, पुढच्याच महिन्यात 20 डिसेंबरला बाबा गेले. आज गोदावरीवरच्या गाडगे महाराज पुलावरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल देव जाणे.

दुसरी धार जलशांची. 1930 च्या 2 मार्चला बाबासाहेबांचा काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढची काही वर्षं नाशिक जिल्हा ढवळून निघाला. निफाडकडच्या कसबे सुकेण्याचे भीमराव कर्डक याच काळात जलसा घेऊन गावोगाव फिरले. तमाशाचाच बाज पण आत विचार बाबासाहेबांचे, जे लोक सभेला येणार नाहीत ते जलशाला यायचे. नंतर सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक, जन्म 1922, त्यांनी तर आयुष्यभर गाणीच लिहिली आणि गायली. याला कोणी चॅरिटी म्हणणार नाही, पण स्वतःसाठी नाही तर चळवळीसाठी गायचं ही सवय जिल्ह्याला यातून लागली असं मला वाटतं. (1909 मध्ये कविता छापल्या म्हणून बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली तेही नाशिकमधलंच प्रकरण, तेव्हा गाण्याला इथे कोणी हलकं समजत नाही.)

मग चाळीसच्या दशकात कलापथकं आली. बंगालच्या 1943 च्या दुष्काळावर अण्णा भाऊ साठेंनी पोवाडा केला, 1944 मध्ये शाहीर अमर शेख आणि द. ना. गव्हाणकरांसोबत लाल बावटा कलापथक काढलं. राष्ट्र सेवा दलाचंही कलापथक होतं. आज कुठलाही ग्रुप पूरग्रस्तांसाठी स्टेजवर उभा राहतो तेव्हा साचा बराचसा तिथलाच असतो.

आता पैशाचं. गावाकडे भजनात किंवा पोवाड्यात गाणं मध्येच थांबतं, "अमुक अमुक यांच्याकडून 101 रुपये बक्षीस" अशी माईकवर घोषणा होते आणि तयारीचा गायक असेल तर ते नाव त्याच चालीत बसवून पुढे सरकतो. शहरातल्या लोकांना हे गावठी वाटतं पण यापेक्षा उघडा हिशेब कुठे बघितलाय का, देणारा, घेणारा आणि आकडा, तिन्ही सगळ्यांसमोर. आता क्यूआर कोड आल्यापासून हे गेलं. कायद्याने बघायचं तर नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायची असेल तर सार्वजनिक विश्वस्त अधिनियम 1950 च्या कलम 41 क खाली धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागतं, आणि देणगीवरची आयकराची सूट (80 जी म्हणून ओळखली जाणारी) असली तरी रोख 2000 रुपयांच्या वर दिलं तर करात फायदा नाही. तेव्हा पोस्टरखाली प्रश्न विचारायचाच असेल तर पावती कोणत्या संस्थेच्या नावाने फाडताय हा विचारा.

सुपारी का घेता, याचं उत्तर मात्र साधं आहे. ढोलाचं पान (वाजवायचा पडदा) फुटतं, दोऱ्या बदलाव्या लागतात, ताशाचं पान तर त्याहून नाजूक, सामान न्यायला टेम्पो लागतो. वादक फुकट वाजवतात पण ढोल फुकट वाजत नाही. खर्च काढून उरलं ते पाड्यावर जातं, आणि किती उरलं ते लिहून टाकलं की अर्धी भांडणं तिथेच मिटतील.

माझा आक्षेप वेगळाच आहे आणि तो कोणी घेत नाही. संबळ, सनई, हलगीवर ज्यांचं घर चालतं त्यांचं काय? कॉलेजची पन्नास पोरं हौसेने, चांगल्या कामासाठी, कमी पैशात वाजवायला आली की मंडळवाले जुन्या वाजंत्र्याला फोनच करत नाहीत. 2020 आणि 2021 ला कोरोनामुळे यात्रा बंद, मिरवणुका बंद, तेव्हा याच लोकांना रेशनचे किट वाटायची वेळ आली. म्हणजे आधी सुपारी काढून घ्यायची आणि मग किट द्यायचं, असं नको व्हायला. पथकाने दोन सनईवाले आणि एक संबळवाला सोबत घेतला, त्यांची बिदागी आधी हातावर ठेवली आणि बाकीचं दान केलं तर पोस्टरवरचा आकडा थोडा कमी दिसेल, दिसू दे की.