बटण सेल गिळल्यावर नेमके काय घडते?

म्हापशाच्या देव बोडगेश्वराच्या जत्रेत किंवा मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्तात लुकलुकणारी खेळणी घेताना पालक टोक बोचरे नाही ना, रंग सुटत नाही ना, एवढे पाहतात. आतल्या चपट्या, बटणासारख्या सेलच्या कप्प्याचे झाकण मात्र क्वचितच कोणी तपासतो.

सेल फुटून आतले रसायन बाहेर आले तरच इजा होते, हा समज चुकीचा आहे. २० मिलिमीटर व्यासाचा, ३ व्होल्टचा लिथियम सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला की त्याच्या दोन्ही बाजू ओल्या अस्तराला टेकतात आणि विद्युतमंडल पूर्ण होते. पाण्याच्या विघटनाला तत्त्वतः सुमारे १.२३ व्होल्ट पुरतात. ऋण बाजूला पाण्याचे रेणू इलेक्ट्रॉन स्वीकारतात, हायड्रोजन वायू सुटतो आणि हायड्रॉक्साइड आयन तेथेच साचत जाऊन तीव्र अल्कली तयार होते. आम्लाने भाजल्यास गोठलेल्या प्रथिनांचा थर पुढचा मार्ग काही अंशी अडवतो. अल्कली मात्र स्निग्ध पदार्थांचा साबण करते, प्रथिने विरघळवते आणि खोल शिरत जाते. अवघ्या दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते, आणि श्वासनलिका व महाधमनी तेथून जवळच असतात. कच्च्या कोंबडीच्या तुकड्यावर सेल ठेवून पाहिल्यास ऋण बाजूखालचे मांस काळवंडताना दिसते. खेळणे चालवण्याइतका जोर न उरलेल्या, म्हणजे ‘संपलेल्या’ सेलमध्येही पाण्याच्या विघटनाला पुरेल एवढा विद्युतदाब बहुधा शिल्लक असतो. म्हणून तो दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीत गुंडाळूनच टाकावा.

लाळ गळते, मूल जेवत नाही, म्हणून मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढण्यात किंवा वस्तू खाली सरकावी म्हणून केळी चारण्यात हेच मोलाचे तास जातात. नुसती शंका आली तरी १०८ ला फोन करून बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ) किंवा जवळचे मोठे इस्पितळ गाठावे. एक्स-रेमध्ये सेलच्या कडेला दुहेरी वलय दिसते, नाण्याला ते नसते. मूल एक वर्षावरील असेल, गिळू शकत असेल आणि बारा तास उलटलेले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा, देता येतो. तो अस्तरावर लेप धरतो व अल्कली थोडी सौम्य करतो, पण त्यासाठी निघायला उशीर करू नये.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. ‘नॉन-टॉक्सिक’ ही चिठ्ठी सेलबद्दल काहीही सांगत नाही. झाकणाला स्क्रू असावा, आणि तो नखाने फिरत नाही याची खात्री दुकानातच करून घ्यावी.