१०९ टक्क्यांचा बॉयलर आणि परतीचं पाणी

थंडी तोंडावर आली की इंग्लंडात घर घेतलेल्या मराठी मंडळींचे फोन सुरू होतात. घर आणि पाणी तापवणारा जुना बॉयलर काढायचाय, आंघोळीच्या पाण्याचं काय करू? यंदा एकाने एका युरोपीय कंपनीचं माहितीपत्रकच पाठवलं. त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं: कार्यक्षमता १०९ टक्के. खाली त्याचा प्रश्न: ‘शंभरचा गॅस जाळून एकशे नऊची ऊब? ऊर्जा अक्षय्यतेचा नियम रद्द झाला काय?’

नियम जागेवर आहे. चलाखी छेदात आहे, पण ती कळण्यासाठी गॅस जळताना काय होतं ते बघावं लागेल. एकदा ते कळलं की पाण्याची टाकी कोणती घ्यायची याचं उत्तरही तिथेच सापडतं, म्हणून जरा दमाने घेऊ.

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याचा एक रेणू जळला की कार्बन डायऑक्साइडचा एक आणि पाण्याचे दोन रेणू तयार होतात. वजनात मोजलं तर १ किलो मिथेनमधून सव्वादोन किलो पाणी! अर्थात ते वाफेच्या रूपात असतं आणि धुराड्यातून निघून जातं. जाताना ते आपल्या वाट्याची उष्णता घेऊन जातं. शाळेत शिकलेला अप्रकट उष्मा तो हाच. ग्लासगोत जोसेफ ब्लॅकने १७६० च्या दशकात तो ओळखला: पाण्याची वाफ होताना तापमान न वाढवता उष्णता गिळली जाते आणि वाफेचं पुन्हा पाणी होताना ती जशीच्या तशी परत मिळते. १ किलो वाफेमागे ही रक्कम जवळपास २,४०० किलोज्यूल भरते. १ किलो मिथेनपासून मिळणारी एकूण उष्णता ५५.५ मेगाज्यूल, त्यातले साडेपाच या वाफेत अडकलेले.

जुने बॉयलर ते साडेपाच सोडूनच द्यायचे. म्हणून युरोपात हिशेबच ‘वाफेतली उष्णता वजा जाता’ मांडायची पद्धत पडली. छेदात ५५.५ ऐवजी ५०. पुढे वाफ थंड करून तिची उष्णता वसूल करणारे कंडेन्सिंग बॉयलर आले, पण छेद ५० वरच राहिला. मग ५४.५ मिळाले की झाले १०९ टक्के. सरळ हिशेबाने तेच यंत्र ९८ टक्क्यांचं. यात खोटं काही नाही, पण शंभराच्या वरचा आकडा ठळक छापणाऱ्याला गिऱ्हाईक काय समजेल ते पक्कं ठाऊक असतं. पाण्याच्या नळावर बाहेरून लोहचुंबक अडकवला की क्षार धरत नाहीत, हे सांगणाऱ्यांच्याच पंगतीतली ही मंडळी. (खोल्या गरम ठेवणाऱ्या रेडिएटरच्या पाण्यातला काळा लोखंडी गाळ पकडणारा चुंबकी फिल्टर मात्र खरा आणि उपयोगाचा. दोन्हींत गल्लत करू नका.)

तर वाफ थंड झाली तरच पैसे वसूल. या धुराचं दवबिंदू तापमान, म्हणजे ज्याच्या खाली वाफेचं पाणी होऊ लागतं (यालाच संघनन म्हणतात) ते, साधारण ५५ अंश सेल्सिअस. त्याहून थंड पृष्ठभाग भेटला तरच संघनन होणार. बॉयलरमध्ये तो पृष्ठभाग थंड ठेवतं कोण? घरभर रेडिएटरांतून फिरून परत येणारं पाणी. ते ६० अंशांवर परत आलं तर अंगावर कंडेन्सिंगचं लेबल असलेला महागडा बॉयलरही जुन्यासारखाच वागतो, सरळ हिशेबाने ८७-८८ टक्के. ३० अंशांवर आलं तर ९६-९७. यंत्र तेच, गॅस तोच. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून नवा गॅस बॉयलर कंडेन्सिंग हवा, असा नियम आहे. पण तो बसवणारा माणूस बॉयलरमधून निघणाऱ्या पाण्याचं तापमान ७५-८० वर ठेवून गेला की नियमाचा हेतू धुराड्यातून बाहेर.

आता आंघोळीचं पाणी. इकडे दोन मुख्य वाटा. एक म्हणजे कॉम्बी: नळ उघडला की बॉयलर त्याच क्षणी पाणी तापवतो, टाकी नाही. दुसरी म्हणजे बॉयलरला जोडलेली वेगळी टाकी, तिला सिलिंडर म्हणतात. आपल्या जुन्या बंबाच्या पोटात निखाऱ्यांचं नळकांडं आणि भोवती पाणी असायचं. इथे नळकांड्याच्या जागी धातूचं वेटोळं, म्हणजे कॉइल, आणि तिच्यातून निखाऱ्यांऐवजी बॉयलरचं गरम पाणी फिरतं. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाहीत.

कॉम्बीची अडचण शक्तीची आहे. मिनिटाला १० लिटर पाणी ८ अंशांवरून ४० वर न्यायचं तर २२ किलोवॅट लागतात. दोन शॉवर एकदम चालू असले की ४५. ऊब बऱ्यापैकी धरून ठेवणाऱ्या घराला मात्र कडाक्याच्या थंडीतही ऊब राखायला ६ ते ८ किलोवॅट पुरतात. म्हणजे दिवसातल्या अर्ध्या तासाच्या आंघोळीसाठी घेतलेलं अवाढव्य यंत्र उरलेला दिवस पेटत-विझत बसणार. दोन माणसं आणि एक न्हाणीघर असेल तर कॉम्बी घ्या, फार विचार करू नका. पण भारतातून आई-बाबा, सासू-सासरे तीन-तीन महिने येणार असतील आणि न्हाणीघरं दोन असतील तर टाकी बरी. २०० लिटर पाणी १० वरून ६० अंशांवर न्यायला साधारण साडेअकरा युनिटं लागतात. त्यात थंड पाणी मिसळलं की ४० अंशांचं सव्वातीनशे लिटर होतं, म्हणजे चार-पाच जणांच्या आंघोळी. टाकी उभ्या उभ्या दिवसाला एक-दोन युनिटं गमावते हे खरं, पण ती कपाटात असेल तर हिवाळ्यात ती उष्णता घरातच राहते. इकडे त्या कपाटात टॉवेल वाळवतात.

पण इथे पेच पडतो. टाकीतलं पाणी ६० अंशांपर्यंत जायला हवं. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या अधिवेशनात न्यूमोनियासारखी साथ पसरली. तिच्या मुळाशी असलेला लिजनेला जिवाणू २० ते ४५ अंशांच्या पाण्यात सुखाने वाढतो, ६० ला मरतो. बचतीच्या नावाखाली टाकी ४५ वर ठेवू नका. मग टाकी ६० मागते आणि बॉयलरला परतीचं पाणी ५५ च्या खाली हवं. जमायचं कसं?

वेटोळ्याच्या क्षेत्रफळाने. ढोबळ हिशेब करू. कॉइलचा दर चौरस मीटर, आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या दर अंशामागे, समजा ०.७ किलोवॅट उष्णता पार करतो. बॉयलर २० किलोवॅट देतोय, कॉइल ०.८ चौरस मीटरची. मग ती उष्णता पार व्हायला सरासरी ३६ अंशांचा फरक लागतो. टाकी ३५ अंशांवर असेल तर कॉइलमधलं पाणी सरासरी ७१ हवं: जाताना ८१, येताना ६१. संघनन बंद. आता कॉइल ३ चौरस मीटरची घ्या. साडेनऊ अंशांचा फरक पुरतो. टाकी ३५ वर असताना पाणी जाताना ५८ च्या आसपास आणि येताना ३८ च्या आसपास (टाकीहून थोडं गरम ते राहतंच)! टाकी ५० वर पोचली तरी परतीचं पाणी ५३ च्या आसपास. संघनन थांबतं ते शेवटच्या काही अंशांपुरतं. शिवाय कॉइल टाकीच्या तळाशी असते आणि थंड पाणी जड म्हणून तळाशीच बसतं, त्यामुळे प्रत्यक्षात हिशेब याहूनही थोडा बरा लागतो.

सोबत एक गोष्ट मागा: रेडिएटरांना एक तापमान आणि टाकीला वेगळं देणारी जोडणी, जिला इथे प्रायॉरिटी हॉट वॉटर म्हणतात. टाकी तापेपर्यंत अर्धा-पाऊण तास रेडिएटर थांबतात, घराला ते कळतही नाही. मग रेडिएटर ५०-५५ वर निवांत चालवता येतात. ही सोय नसेल तर टाकीपायी अख्खं घर दिवसभर ७० वर.

बॉयलर खरंच संघनन करतोय का, हे बघायला उपकरण लागत नाही. त्याच्या खालून निघून गटाराकडे जाणारा प्लॅस्टिकचा पाइप बघा. त्यातून पाणी ठिबकत असेल तर काम चाललंय. हे पाणी आम्लधर्मी असतं, म्हणूनच पाइप धातूचा नसतो. डिसेंबर २०१० च्या थंडीत बाहेरच्या भिंतीवरचे असे पाइप गोठले आणि ठिकठिकाणी बॉयलर बंद पडले. त्यावर कोमट पाणी ओतावं, उकळतं नव्हे. भिंतीतल्या नळीतून निघणारे पांढरे ढग बघून भारतातून आलेली आई ‘केवढा धूर!’ म्हणेल. ती बहुतांशी वाफ असते, थंड होऊन धुकं झालेली.

मोठ्या कॉइलचा आणखी एक फायदा. उद्या बॉयलर काढून हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता विजेच्या जोरावर घरात ओढून आणणारं यंत्र, बसवायचा झाला तर तो ५०-५५ अंशांच्या पाण्यावर चालवणं परवडतं, आणि त्याला अशीच ३ चौरस मीटरच्या आसपासची कॉइल लागते. टाकी तीच राहील. दर मागवताना मात्र कोटेशनवर लिटर लिहिलेले असतात, कॉइलचं क्षेत्रफळ बहुधा नसतं. ते टाकीच्या माहितीपत्रकात, शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षरांतल्या तक्त्यात बघा.