छतावरची वीज : कोकणातल्या घरासाठी सौर यंत्रणा घेण्यापूर्वी

सोलर बसवायचं म्हणून दुकानात येणारे बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, "तीन किलोवॅटला सबसिडी किती?" उत्तर सरळ आहे : ७८ हजार रुपये. पण आम्ही लगेच दुसरा प्रश्न विचारतो : मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं आणलीत का? यंत्रणा किती मोठी, म्हणजे किती किलोवॅटची हवी हे सबसिडीवरून ठरवायचं नसतं. ते तुमचा वर्षभराचा वापर आणि तुमचं छप्पर यांवर ठरतं. हे पत्रक त्यासाठीच लिहिलं आहे. वाचून झाल्यावर तुम्ही सोलर न घेण्याचं ठरवलंत तरी आम्हाला चालेल. चुकीच्या मापाची यंत्रणा मात्र कुणाच्या घरावर चढू नये असं आम्हाला मनापासून वाटतं.

सरकार काय देतं

'पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. देशभरात एक कोटी घरं, ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आणि मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार. म्हणजे एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीनला ७८ हजार. पुढे पाच बसवा नाहीतर दहा, रक्कम ७८ हजारच राहते. गृहनिर्माण सोसायटीला पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार मिळतात.

नावात 'मुफ्त' आहे म्हणून बिल शून्य येईल अशी समजूत होते. स्थिर आकार भरावाच लागतो. वाचतात ती युनिटं.

दोन की तीन?

आपल्या पट्ट्यात एक किलोवॅट वर्षाला साधारण १,३०० युनिटं देतो असं आम्ही धरतो. देशावर थोडी जास्त मिळतात, कारण तिथे पाऊस कमी. समजा तुमचा वापर महिन्याला सरासरी २०० युनिटं आहे, म्हणजे वर्षाला २,४००. दोन किलोवॅटमधून २,६०० निघतात. काम झालं. तिसरा किलोवॅट बसवलात तर आणखी १,३०० युनिटं निघतील, पण ती वापरणार कोण? सरकारने योजनेसाठी तिसऱ्या किलोवॅटची किंमत ४५ हजार धरली आहे. त्यातले १८ हजार सबसिडीचे आले तरी २७ हजार तुमच्या खिशातून जातात, न लागणाऱ्या विजेसाठी. घरात येत्या वर्षा-दोन वर्षांत एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर येणार असेल तर तसं आधीच सांगा. मग तीनचा विचार करू.

जास्तीची वीज जाते कुठे? नेट मीटर दोन्ही बाजूंनी मोजतो : तुम्ही महावितरणकडून घेतलेली आणि तुम्ही त्यांच्या तारेवर सोडलेली. महिन्याला उरलेली युनिटं तुमच्या खात्यात जमा राहतात आणि पुढच्या महिन्यांत वळती होतात. पण हा हिशोब आर्थिक वर्षाचा आहे. ३१ मार्चला जी शिल्लक राहील ती वीज कंपनी वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते, आणि तो दर तुम्ही बिलात भरता त्यापेक्षा बराच कमी असतो.

कोकणासाठी हे वेळापत्रक सोयीचं आहे. एप्रिल-मे म्हणजे कडक ऊन. तेव्हाची जमा जून ते सप्टेंबरच्या ढगाळ महिन्यांत वापरली जाते. दिवाळीनंतर पुन्हा उत्पादन चढतं आणि घरातले पंखे थांबलेले असतात. फेब्रुवारी-मार्चची शिल्लक तेवढी हातून जाते. यंत्रणा वापराच्या मापाची असली की ही शिल्लक अगदी थोडी राहते. मोठी घेतली की दर मार्चला ढीग साचतो.

आणखी एक गोष्ट बिलात बघा. घरगुती दर टप्प्यांनी चढतात : १०० युनिटांपर्यंत स्वस्त, १०१ ते ३०० त्याहून महाग, ३०१ नंतर आणखी महाग. सोलर आधी वरच्या, महाग टप्प्यातली युनिटं खातं. म्हणून महिन्याला ३५० युनिटं जाळणाऱ्या घराचे पैसे लवकर वसूल होतात, आणि ८० युनिटांत भागवणाऱ्या घराला घाई करण्याचं कारण नाही. अशा घरांना आम्ही सांगतो : टीओडी मीटर, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली हे मोजणारा मीटर, बसला असेल तर १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे सवलत मिळते. पंप, इस्त्री, मिक्सर तेव्हा चालवा.

मुंबईकरांसाठी

घर गावाला, माणसं मुंबईत; दार उघडतं गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात. अशा घरासाठी तीन किलोवॅटची चौकशी करणारे फोन आम्हाला नेहमी येतात. आमचं उत्तर बहुतेक वेळा 'नको' असतं. वर्षाचे दहा महिने वीज तारेवर जाणार, मार्चअखेर कमी दराने विकली जाणार, आणि प्लेटांवरचा पाचोळा काढायला कुणी नाही. आई-वडील कायम तिथे राहत असतील, होमस्टे चालत असेल, तर गोष्ट वेगळी.

मीटर अजून आजोबांच्या नावावर असणं ही दुसरी अडचण. सबसिडी वीजग्राहकाच्या बँक खात्यात थेट जमा होते, म्हणून बिलावरचं नाव आणि अर्जदाराचं नाव जुळावं लागतं. घर सामायिक असेल तर भावंडांशी आधी बोला, त्यांची लेखी संमती घ्या आणि मीटरचं नाव बदलून घ्या. हे काम यंत्रणा बसवण्यापेक्षा जास्त वेळ खातं, तेव्हा सुरुवात इथूनच करा. नाव बदलायच्या अर्जासाठी आम्ही मदत करतो, त्याचे पैसे घेत नाही.

छप्पर आणि वारा

एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. दक्षिणेकडे तोंड हवं. आपल्याकडे खरी अडचण माडांची आणि कलमांची. सकाळी दहा ते दुपारी तीनमध्ये एका प्लेटवर झावळीची सावली पडली तरी तिच्या ओळीतल्या बाकीच्या प्लेटांचं उत्पादनही घटू शकतं. त्यामुळे जागा बघायला आम्ही उन्हाच्या वेळीच येतो.

जुन्या कौलारू घरावर, लाकडी वासे आणि रिपांच्या भरवशावर आम्ही प्लेटा चढवत नाही. तिथे अंगणात किंवा परसात वेगळा सांगाडा उभा करतो, थोडा खर्च वाढला तरी. स्लॅबवर काम सोपं. स्लॅबवर पत्रा टाकला असेल तर पत्र्याखालच्या लोखंडी पाइपांना पकड घ्यावी लागते. नुसत्या पत्र्यात स्क्रू पिळून भागत नाही, आणि प्रत्येक भोकातून पावसाळ्यात पाणी येतं.

३ जून २०२० चं निसर्ग वादळ मंडणगड-दापोलीकरांना वेगळं सांगायला नको. त्यानंतर वर्षाच्या आत, मे २०२१ मध्ये तौक्ते आलं. सांगाडा किती जाड पत्र्याचा, गॅल्व्हनायझिंग कसलं, अँकर बोल्ट स्लॅबमध्ये किती खोल, हे प्रश्न कोटेशन देणाऱ्या प्रत्येकाला विचारा, आम्हालाही. खाऱ्या हवेत रंग मारलेलं लोखंड टिकत नाही. गरम जस्तात बुडवलेलं गॅल्व्हनाइज्ड स्ट्रक्चर आणि स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट हवेतच. दोन कोटेशनमधला फरक पुष्कळदा इथेच लपलेला असतो.

लाईट गेली तर

साधी, बॅटरी नसलेली यंत्रणा लाईट गेली की बंद पडते, भर उन्हातसुद्धा. हे ऐकून लोक नाराज होतात, पण ते मुद्दाम तसं केलेलं आहे. लाईन बंद करून खांबावर वायरमन काम करत असताना तुमच्या छतावरून वीज तारेत गेली तर त्याचा जीव जाईल. बॅकअप हवा असेल तर बॅटरी आणि तिच्यासोबत चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. लिथियम बॅटऱ्या गेल्या काही वर्षांत बऱ्याच स्वस्त झाल्या आहेत, तरी खर्च चांगलाच वाढतो आणि सबसिडी बॅटरीमुळे वाढत नाही. पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाईट नसलेल्या वाड्यांमध्ये आम्ही फ्रीज, दिवे आणि पंख्यांपुरती लहान बॅटरी सुचवतो.

बाजार कुठे चालला आहे

"थांबलो तर आणखी स्वस्त होईल का?" हा प्रश्न रास्त आहे. २०२३ नंतर जगभर पॅनेलचे, म्हणजे प्लेटांचे, भाव कोसळले, कारण चीनमध्ये मागणीपेक्षा फार जास्त माल तयार झाला. पण ती सगळी स्वस्ताई तुमच्या छतापर्यंत येत नाही. सबसिडी हवी तर पॅनेल आणि त्यातले वीज तयार करणारे सेल दोन्ही भारतात बनलेले लागतात. बाजारात त्यांना 'डीसीआर पॅनेल' म्हणतात आणि ते आयात सेलच्या पॅनेलपेक्षा महाग पडतात. भारतात पॅनेल बनवण्याचे कारखाने झपाट्याने वाढले, सेल बनवणारे त्या मानाने कमी आहेत. सरकारची मान्यताप्राप्त उत्पादकांची यादी आहे; सेलसाठीची अशी यादी लागू करण्याची तारीख १ जून २०२६ ठरली. देशी सेलची मागणी वाढत असताना डीसीआर पॅनेलचे भाव एकदम पडतील, असं आम्हाला वाटत नाही.

कर मात्र खरोखर कमी झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. बसवण्यासकट घेतलेल्या कामात ७० टक्के माल आणि ३० टक्के सेवा धरतात, त्यामुळे एकूण कर १३.८ वरून ८.९ टक्के झाला. कुणी जुन्या दराने कोटेशन दिलं तर बदलून मागा.

तंत्रही बदललं. जुन्या प्रकारच्या निळसर पॉलि प्लेटा जवळपास गेल्या. मोनो पर्क आणि त्यानंतरचं टॉपकॉन हे प्लेटांचे नवे प्रकार आता सर्रास मिळतात. उन्हाने प्लेट तापली की उत्पादन घटतं, ती घट टॉपकॉनमध्ये थोडी कमी असते. बिल जास्त येत असेल तर नव्या तंत्रासाठी थांबू नका. थांबलेल्या प्रत्येक महिन्याचं बिल तुम्ही भरताच आहात.

कर्जाचीही सोय आहे. तीन किलोवॅटपर्यंत तारणाशिवाय, रिझर्व्ह बँकेच्या रेपो दरापेक्षा अर्धा टक्का जास्त व्याजाने सरकारी बँका कर्ज देतात.

वर कोण चढणार

याबद्दल ग्राहक फारसे विचारत नाहीत, आणि आम्हाला हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ऊन असेपर्यंत प्लेटा चालूच असतात, त्यांना खटका नसतो. ओळीत जोडलेल्या प्लेटांचा डीसी दाब काहीशे व्होल्टपर्यंत जातो. चालू लोडवर कनेक्टर ओढला तर ठिणगी तुटत नाही, आग लागू शकते. घरातलं वायरिंग छान करणाऱ्या माणसाला हे येतंच असं नाही.

गुरुग्रामजवळच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेने २०१५ मध्ये 'सूर्यमित्र' प्रशिक्षण सुरू केलं. ६०० तासांचा अभ्यासक्रम, दहावीनंतर आयटीआय केलेल्या मुलामुलींसाठी. यंत्रणा बसवणाऱ्याकडे अशा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मागा. विद्युत ठेकेदाराचा परवाना कुणाचा आहे ते विचारा. छतावर चढणारे सेफ्टी बेल्ट लावतात का ते स्वतः बघा. तुमच्या घरात इलेक्ट्रिशियन ट्रेड केलेला मुलगा किंवा मुलगी असेल तर आमच्याकडे पाठवा. काम शिकवतो आणि पहिल्या दिवसापासून मजुरी देतो. मुंबईला न जाता इथेच राहून करता येईल असं हे काम आहे.

नोंदणी ते नेट मीटर

अर्ज पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांकाने होतो. दहा किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीची अट २०२४ च्या नियमांत काढली, आणि मंजूर भार, म्हणजे तुमच्या जोडणीला मंजूर असलेली किलोवॅटची मर्यादा, वाढवायची असेल तर तेही वीज कंपनीच करते. यंत्रणा बसवणारा नोंदणीकृत व्हेंडर तुम्ही निवडायचा. कुणी 'सरकारने पाठवलंय' म्हणून दारात आला तर पैसे देऊ नका. यंत्रणा बसली, नेट मीटर लागला, कार्यान्वयनाचा अहवाल पोर्टलवर चढला की सबसिडी खात्यात येते. पहिली पाच वर्षं देखभाल व्हेंडरने करायची असते, ते करारात लिहून घ्या.

कलमांना पाणी द्यायला सौर पंप हवा असेल तर तो 'मागेल त्याला सौर कृषी पंप' या वेगळ्या योजनेतून मिळतो. त्यात खुल्या गटातल्या शेतकऱ्याने १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के हिस्सा भरायचा असतो. सातबारा घेऊन या, अर्ज भरून देतो.

बसवल्यावर

पावसाळा प्लेटा आपोआप धुतो. ऑक्टोबरनंतर मात्र धूळ आणि आंब्याच्या मोहराचा चिकटा बसतो. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी काच थंड असताना, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा. बोअरचं पाणी जड असेल तर ते काचेवर वाळू देऊ नका, पांढरे डाग बसतात. प्लेटवर पाय ठेवू नका. इन्व्हर्टरवरचा आकडा महिन्याच्या एक तारखेला कॅलेंडरवर लिहून ठेवा. स्वच्छ उन्हाच्या महिन्यात तो मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त घसरलेला दिसला तर आम्हाला फोन करा, आमचा माणूस येऊन बघून जाईल.